न वाजवलेले दिवस

आमच्या घरात तंबोरा उतरवून ठेवायची एक रीत होती. मे महिन्यात गावी निघायच्या आदल्या संध्याकाळी सामान बांधून झालं, दूधवाल्याला सांगून झालं, की आई सगळ्यात शेवटी तंबोऱ्यापाशी बसायची. चारही खुंट्या थोड्या थोड्या सैल करायची. घोडीवर तारांखाली सरकवलेले जवारीचे दोरे काढून कागदाच्या पुडीत ठेवायची. मग गवसणी चढवायची आणि भोपळ्यावरून एकदा हात फिरवायची, शाळेला निघालेल्या पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. "महिनाभर ताणलेला कशाला ठेवायचा? त्यालाही सुट्टी," म्हणायची.

सहा वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आईला दवाखान्यात ठेवावं लागलं. आता बरेच दिवस वाजवणं होणार नाही, हे मला कळून चुकलं होतं. रात्री डबा न्यायला घरी आले होते. भाजी गरम होईपर्यंत कोपऱ्यातल्या चेलोकडे, गुडघ्यांत धरून वाजवायच्या त्या मोठ्या व्हायोलिनकडे, लक्ष गेलं आणि काही विचार न करता मी आईसारखी त्याच्यापुढे बसले. चारही तारा पार ढिल्या केल्या. घोडी हातात आली, ती फडक्यात गुंडाळली. चेलो उचलून पेटीत ठेवताना त्याच्या पोटात टक् असा आवाज झाला आणि लाकडाचं काहीतरी या बाजूकडून त्या बाजूला घरंगळत गेलं.

तेव्हा थांबायला वेळ नव्हता. पेटी बंद केली, डबा घेतला आणि निघाले.

चेलो माझ्या आयुष्यात उशिरा आला, त्रेचाळिसाव्या वर्षी. कॅम्पातल्या माझदा हॉलमध्ये एका परदेशी पाहुणीचा कार्यक्रम होता, मैत्रिणीकडे दोन पास उरले होते, मी आईला घेऊन गेले. आई जन्मभर पेठेतली. भास्करबुवा बखल्यांनी 1911 साली काढलेल्या भारत गायन समाजात ती शिकली होती. सवाई रमणबागेत व्हायचा तेव्हा शाल पांघरून पहाटेपर्यंत बैठकीवर बसणारी ती बाई. खुर्च्यांवर बसून, टाळी कधी वाजवायची याचा अंदाज घेत गाणं ऐकायची तिला सवय नव्हती.

पाहुणी एकटीच आली, बसली आणि जुन्या जर्मन संगीतकार बाखच्या पहिल्या स्वीटचा, म्हणजे नाचांच्या चालींच्या मालिकेचा, प्रील्यूड, सुरुवातीचा तुकडा, तिने सुरू केला. खालचा सा, त्यावर प, त्यावर वरच्या सप्तकातला ग, आणि पुन्हा पहिल्यापासून. वरचे स्वर बदलत राहतात, पण पहिले चार बार, म्हणजे चार आवर्तनं, खालचा सा तिथंच. आईने माझा हात दाबला. "ही खर्ज सोडत नाहीये बघ," ती कानात म्हणाली. "तंबोरापण तीच आणि गाणारीपण तीच."

चेलो हे माणसाच्या आवाजाच्या सगळ्यात जवळचं वाद्य, असं जिथं तिथं लिहिलेलं असतं. हेच सारंगीबद्दलही म्हणतात. मला ते कधी पटलं नाही. माणसाचा आवाज छातीतून निघून बाहेर जातो. चेलो बाहेरून येऊन छातीत शिरतो. त्याची पाठ बरगड्यांना टेकलेली असते, सर्वात खालच्या सी तारेची खुंटी डाव्या कानामागे येते, आणि ती तार मोकळी ओढली की दात, कणा, खुर्ची, सगळं एकदम भरून येतं. तंबोऱ्याच्या भोपळ्याला कान लावून ज्याने लहानपणी दुपारी काढल्या आहेत त्याला ही जागा ओळखीची असते. म्हणूनच असेल, आपल्याकडे चेलोवर राग वाजवणाऱ्यांनी ही वाट धरली. अमेरिकेच्या नॅन्सी लेश झिया मोहिउद्दीन डागरांकडे ध्रुपद शिकल्या आणि चेलोवरच आलापी करू लागल्या. हॉलंडहून आलेल्या सास्किया राव-द हास हरिप्रसाद चौरसियांकडे शिकल्या आणि त्यांनी चेलो लहान करून घेतला, त्याला तरफांच्या तारा चढवल्या आणि खाली बैठक मारून वाजवायला घेतला.

मी मात्र कॅम्पातल्या एका जिन्याच्या वर, सरांकडे गेले. सर मूळचे गोव्याचे. अठराव्या वर्षी मुंबईला आले, धोबीतलावच्या कुडात, गोवेकरांच्या मुक्कामाच्या जागेत, राहिले, वीसेक वर्षं सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात चेलो वाजवला आणि लग्नामुळे पुण्याचे झाले. मला पहिल्या दिवसापासून 'बाय' म्हणतात. त्यांच्या खोलीत येशूच्या तसबिरीशेजारी एकच फोटो आहे. टक्कल पडलेला, गोल चष्मा लावलेला, डोळे मिटून बो, म्हणजे गज, ओढणारा एक म्हातारा.

तो म्हातारा म्हणजे पाब्लो कासाल्स. त्याच्या कॅटलान भाषेत पाऊ. पाऊ म्हणजे पॉल, आणि त्याच भाषेत पाऊ म्हणजे शांतता.

1876 साली स्पेनच्या कॅटलोनियातल्या एल वेंद्रेल नावाच्या गावी तो जन्मला. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. गावात आलेल्या एका फिरत्या कलावंताने झाडूच्या दांड्याला तार लावून वाजवलेली पोराने पाहिली आणि तसलंच काहीतरी हवं म्हणून हट्ट धरला. वडिलांनी त्याला वाद्य करून दिलं ते भोपळ्याचं. विसाव्या शतकातला सगळ्यात मोठा चेलिस्ट ज्याला म्हणतात त्याचा पहिला चेलो भोपळ्याचा होता, हे सरांनी मला दुसऱ्याच शिकवणीला सांगितलं. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "मिरजेला कुणी नातेवाईक असेल त्यांचा."

पुढची गोष्ट चेलो वाजवणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. 1890 साल, मुलगा तेरा वर्षांचा. बार्सिलोनात वडिलांबरोबर जुन्या स्वरलिपींच्या दुकानात चाळाचाळ करताना त्याला एक जीर्ण प्रत सापडली: योहान सेबास्टियन बाखचे चेलोसाठीचे सहा स्वीट. बाखने ते 1720 च्या आसपास जर्मनीतल्या क्योथनला असताना लिहिले. त्याच्या हातची मूळ प्रत उरलेली नाही. आपल्यापर्यंत ते पोचले यात मोठा वाटा त्याची बायको आना माग्दालेना हिने सुवाच्य अक्षरात केलेल्या नकलेचा. कासाल्सच्या काळी हे स्वीट म्हणजे हात तयार करायचे पलटे समजले जायचे. मैफलीत कुणी अख्खा स्वीट वाजवत नसे. मुलाने ती प्रत घरी नेली आणि रोज वाजवू लागला. लोकांसमोर अख्खा स्वीट वाजवायचा धीर त्याला झाला तेव्हा तो पंचविशीत होता.

मधली बारा वर्षं.

सरांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा मी म्हणाले, "सर, आमच्यात बारा वर्षांना एक शब्द आहे. तप." सरांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला. तेव्हापासून ते वर्षं तपात मोजतात. 'तुझं पाव तप झालं, बाय.'

आई गेली. तेरावं झालं, पाहुणे गेले. एका दुपारी मी पेटी उघडली आणि सरांना फोन केला. ते तेव्हा गोव्याला होते, जूनशिवाय परतणार नव्हते. पोटात काहीतरी पडल्याचं सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तारा ताणल्यास का?" नाही म्हटल्यावर सुस्कारा ऐकू आला. "हात लावू नको. मी येईपर्यंत तसाच राहू दे."

चेलोच्या पोटात, घोडीच्या एका पायाखाली, बोटाएवढ्या जाडीची स्प्रूसच्या लाकडाची एक उभी काडी असते. साऊंडपोस्ट. वरची फळी आणि पाठ यांच्यामध्ये ती नुसती उभी असते. तिला डिंक नाही, खिळा नाही, खाच नाही. चार तारांचा ताण घोडीवर येतो, घोडी फळीला दाबते, आणि त्या दाबाने ती जागेवर राहते. ताण काढला की ती पडते. ती पडलेली असताना कुणी तारा चढवल्या तर फळीला आधार राहत नाही आणि फळी चिरू शकते. म्हणून चेलोच्या तारा एकदम कधी काढायच्या नसतात, एक काढायची, एक चढवायची. तंबोऱ्याची माया मी चेलोला लावली होती आणि त्याला ती सोसली नाही.

ते सहा आठवडे चेलो भिंतीशी उभा होता, मुका. घरात तंबोराही होता, त्याला लावायला कुणी नव्हतं. सर दर रविवारी फोन करायचे आणि म्हणायचे, "वाच. कागद समोर घे आणि वाच. कासाल्सनेही कितीतरी दिवस वाजवलं नाही." त्याच रविवारांमध्ये मला कासाल्सचं बाकीचं आयुष्य तुकड्यातुकड्याने कळलं.

1901 साली, अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्यात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या माउंट टॅमलपाइसवर चढताना एक धोंडा सुटून त्याच्या डाव्या हातावर पडला. बोटं चिरडली गेली. पुढे त्यानेच सांगून ठेवलंय की चेंगरलेली बोटं पाहून पहिला विचार मनात आला तो सुटकेचा: चला, आता कधी चेलो वाजवायला नको. तोवर स्वीट सापडून अकरा वर्षं झाली होती. ज्याने रोज उठून ती पानं वाजवली त्याच्या मनात हे यावं, यावर मी बराच विचार केला. आईची आठवण झाली. पहाटे पाचला खर्ज भरायला उठताना ती क्षणभर पलंगाच्या कडेवर बसून राहायची, खांदे पडलेले. मग उठायची. लहानपणी मला वाटायचं तिला झोप येतेय.

हात बरा झाला. मग मोठं नाव, मोठे दौरे. 1936 च्या जुलैत बार्सिलोनाला बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीची तालीम चालू असताना लष्करी बंडाची बातमी आली आणि उद्याची मैफल होणार नाही असा निरोप आला. कासाल्सने वादकांना विचारलं, आता पांगण्याआधी शेवटचा भाग वाजवू या का? त्यांनी तो वाजवला. पुढे स्पेनमध्ये यादवी, हुकूमशहा फ्रँकोची राजवट, आणि सीमेपलीकडे फ्रान्समधल्या प्रादेस गावी निर्वासिताचं जिणं. त्याच वर्षांत, 1936 ते 1939 मध्ये, साठीला टेकलेल्या या माणसाने सहाही स्वीट ध्वनिमुद्रित केले.

महायुद्ध संपलं तेव्हा त्याला आशा होती की जिंकलेली राष्ट्रं आता फ्रँकोला घालवतील. तसं काही होईना. 1945 च्या अखेरीस त्याने मैफली थांबवल्या. फ्रँकोला मान्यता देणाऱ्या देशांत वाजवणार नाही, म्हणाला. प्रादेसला राहिला, निर्वासितांना मदत करत राहिला, घरी रोज वाजवत राहिला. 1950 साली, बाखच्या मृत्यूला दोनशे वर्षं झाली तेव्हा, हा येत नाही तर आपणच जाऊ म्हणून जगभरचे वादक त्या लहानशा गावी गेले आणि तिथल्या चर्चमध्ये महोत्सव झाला. 1961 मध्ये केनेडींच्या बोलावण्यावरून तो व्हाइट हाउसमध्ये वाजवायला गेला. 1971 मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, संयुक्त राष्ट्रांत त्याने त्याच्या मुलखातलं पाखरांचं लोकगीत वाजवलं आणि सांगितलं की ही पाखरं आकाशात गेली की 'शांतता, शांतता, शांतता' असं गातात. 1973 च्या ऑक्टोबरात तो गेला. फ्रँको अजून दोन वर्षं जगला.

मला वाटतं, त्याच्या न वाजवण्याला वजन आलं ते आधीच्या बारा वर्षांमुळे. ज्याला वाजवायला घाई होती असा कलावंत थांबला तर लोक चार दिवस हळहळतात. पण थांबणं काय असतं हे ज्याने तेराव्या वर्षापासून शिकून घेतलं होतं, तो थांबला तर जगाला त्याच्या दारी जावं लागलं. आपल्याकडे सूरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवींनी लोकांसमोर वाजवणं सोडलं ते कायमचं. मुंबईतल्या घरात बसून शिकवलं आणि हरिप्रसाद चौरसिया, निखिल बॅनर्जी त्यांच्याकडून घेऊन गेले. कारणं वेगळी, माणसं वेगळी, पण बंद दाराआड सूर चालू राहिला होता हे दोन्हीकडे खरं.

इंग्लिश चेलिस्ट जॅकलिन दु प्रेचं मात्र काय म्हणावं? कासाल्स गेला त्याच महिन्यात, ऑक्टोबर 1973 मध्ये, लंडनला तिला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार असल्याचं निदान झालं. वय अठ्ठावीस. विसाव्या वर्षी तिने ऑर्केस्ट्राचे संचालक बार्बिरोलींबरोबर ध्वनिमुद्रित केलेली एल्गारची कन्चेर्टो ऐकताना आजही मला मध्येच उठून खिडकीशी जावं लागतं. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत तिने लंडनला तीच कन्चेर्टो वाजवली तेव्हा ऑर्केस्ट्रासमोर आपले मुंबईचे झुबिन मेहता उभे होते. बोटांना तार लागेनाशी झाली होती, डोळ्यांनी बघून बोट ठेवावं लागत होतं. त्यानंतर चौदा वर्षं ती जगली, शिकवलं, पण वाजवलं नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं. दवाखान्यात आईचा डावा हात चादरीवर पडलेला असायचा आणि बोटं मधूनच हलायची, तारा छेडल्यासारखी, एकामागून एक चार. पंचम, जोडाच्या दोन, खर्ज. मी मोजायची.

जूनमध्ये सर परतले. मी रिक्षात चेलो तिरका घालून कॅम्पात नेला. सरांनी टेबलावर जुनी चादर पसरली, चेलो आडवा ठेवला, खिशातून दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला दांडीचा आरसा काढला. एस आकाराच्या लोखंडी सळीच्या टोकाला ती काडी टोचली आणि फळीवरच्या वळणदार फटीतून आत घातली. एक डोळा मिटलेला, दुसरा आरशात. चारदा पडली. पाचव्यांदा उभी राहिली. मग सळीच्या दुसऱ्या टोकाने केसभर इकडे, केसभर तिकडे. घोडी लावली, तारा एकेक करून ताणल्या, सी ओढली, मान हलवली, सगळं सैल करून पुन्हा काडी हलवली. तासभर गेला.

"फ्रेंच लोक ह्या काडीला काय म्हणतात ठाऊक आहे?" घाम पुसत ते म्हणाले. "आम. आम म्हणजे आत्मा."

मी पर्समधून आईची पुडी काढली. ती तेव्हा माझ्याबरोबरच असायची. आतले दोरे दाखवले. "सर, तंबोऱ्याच्या ह्या दोऱ्याला आमच्यात जीव म्हणतात. तारेखाली नुसता सरकवायचा, बांधायचा नाही."

सरांनी एक दोरा चिमटीत धरून उजेडात पाहिला. आणि मग, मी न विचारता, त्यांनी स्वतःचं सांगितलं. चित्रपटाच्या रेकॉर्डिंगला चेलोवाले मागच्या बाजूला. समोर कागद, कानात हेडफोन, एकेक स्वर लांब ओढायचा, गाणं त्याच्यावर उभं राहायचं. तबकडीवर त्यांचं नाव कधी नव्हतं. मग सिंथेसायझर आला आणि एकाच कीबोर्डवाल्याच्या बोटाखाली अख्खा तारवाद्यांचा ताफा मावू लागला. नव्वदीच्या सुरुवातीला त्यांचा फोन वाजायचा बंद झाला. भांडण नाही, निरोप नाही, नुसता बंद झाला. चार वर्षं चेलोची पेटी पलंगाखाली होती. एका नाताळात चर्चमध्ये वाजवायला कुणी बोलावलं म्हणून उघडली, तर बोचे सगळे केस किड्यांनी कुरतडलेले. घोड्याच्या शेपटीचे ते पांढरे केस न्हाव्याच्या दुकानात पडलेले असतात तसे पेटीत पसरले होते.

"कासाल्सला जग म्हणत होतं, ये, वाजव, आणि तो नाही म्हणत होता," सर म्हणाले. "मला कुणी ये म्हणत नव्हतं."

चेलिस्टचं आयुष्य म्हटलं की आता मला कासाल्सच्या आधी ती पलंगाखालची पेटी आठवते. सरांकडे विविध भारती लावलेली असते. जुनं गाणं लागतं, आपण सगळे गायिकेचे शब्द धरतो. सर मुखड्याआधीच्या संगीतात, व्हायोलिनं वर चढत असताना, अचानक तर्जनी उचलून खाली दाखवतात. तिथं, खाली, तो एक लांब स्वर. मला आधी ऐकूच यायचा नाही. आता त्या स्वराशिवाय ते गाणं ऐकता येत नाही.

यंदा पाऊस लवकर लागला. दमट हवेत खुंट्या फुगून घट्ट बसतात, दोन्ही हातांनी पिळाव्या लागतात. माझं पाऊण तप झालं आहे. सर चौऱ्याऐंशीचे आहेत, हात कापतो म्हणून बो धरत नाहीत, कानाला यंत्र लावतात आणि शिकवणी सुरू झाली की ते काढून ठेवतात, सूर वाकडा ऐकू येतो म्हणून. मग खुर्ची पुढे ओढून डावा तळवा माझ्या चेलोच्या कडेवर ठेवतात.

गेल्या गुरुवारी मी पाचव्या स्वीटचा साराबांद, त्यातला संथ नाचाचा तुकडा, वाजवला. ह्या स्वीटसाठी बाखने सगळ्यात वरची ए तार एक स्वर उतरवून जी वर आणायला सांगितली आहे. साराबांदमध्ये एकही जोडस्वर नाही. एकच रेघ, खाली उतरत जाणारी, मध्ये मध्ये थांबणारी. गॅलरीच्या पत्र्यावर पाऊस होता. सर डोळे मिटून होते. शेवटच्या सीवरून बो उचलला तरी त्यांनी तळवा काढला नाही, लाकूड पुरतं थांबेपर्यंत.

"सी उतरलाय, बाय," ते म्हणाले. "थोडा."

मी कानामागच्या खुंटीला हात घातला आणि तार ओढून पाहिली. उतरला होता.